वाचक विचारतात : भाषा शिकवणाऱ्या कंपनीत डिझाइनप्रमुखाचे काय काम?

मागील अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहिले होते की, सांगलीत शाळा-कॉलेज केलेली एक मुलगी ऑनलाइन भाषा शिकवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनप्रमुख म्हणून रुजू झाली आहे. उल्लेख जेमतेम एका ओळीचा होता. परंतु त्यावर इतकी पत्रे आली की या महिन्याचे सदर त्याच विषयाला द्यावे लागले. अभिनंदनाची पत्रे तिच्याकडे पाठवली आहेत. उरलेल्यांपैकी पाच येथे घेतो. मी स्वतः याच धंद्यात वीस वर्षे काढली असून त्यातली सहा शिक्षणाच्या अ‍ॅपवर गेली आहेत, हे आधीच सांगून ठेवतो. माझी मते कोठून आली ते वाचकांना ठाऊक असलेले बरे.

प्रश्न : मी छत्तीस वर्षे शाळेत मराठी आणि हिंदी शिकवले. भाषा शिकवायची तर व्याकरण जाणणारा माणूस हवा, वाचनाचा नाद असलेला हवा, हे मला समजते. चित्रे आणि रंग ठरवणाऱ्याला तेथे 'प्रमुख' म्हणून का नेमतात? नातवाच्या आग्रहावरून मी कन्नड शिकण्यासाठी एक अ‍ॅप घेतले आहे. एखाद्या दिवशी ते उघडले नाही तर संध्याकाळी फोनवर 'तू आज आला नाहीस' असा निरोप येतो. हेही डिझाइनच का?
— निवृत्त शिक्षक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : होय सर, हेही डिझाइनच; आणि वाईट डिझाइन. त्या चार शब्दांत दोन निर्णय दडले आहेत. एक, वापरणाऱ्याला 'तू' म्हणायचे. दोन, वापरणारा पुरुष आहे असे धरून चालायचे. तुमच्या जागी तुमच्या घरातील बाई असत्या तरी त्यांना 'आला नाहीस' हेच ऐकावे लागले असते. इंग्रजीतल्या 'यू'ला वय नाही आणि लिंगही नाही, त्यामुळे मूळ वाक्य लिहिणाऱ्याला हे प्रश्न पडलेच नाहीत. पुढे ते वाक्य तक्त्यातल्या एका ओळीत बसून अनुवादकाकडे गेले. ते कोणाला, किती वाजता आणि कोणत्या पडद्यावर दिसणार आहे, हे त्याला कोणी सांगितले नाही. 'तुम्ही आज आला नाहीत' एवढे केले असते तरी दोन्ही अडचणी सुटल्या असत्या. नातवाला ते 'तुम्ही' थोडे परके वाटेल, हे मान्य. मग वय विचारून दोन वाक्ये ठेवायची की सर्वांना एकच, हे कोणीतरी ठरवावे लागते. ते ठरवणारी व्यक्ती म्हणजे डिझाइनप्रमुख.

तुमच्या वर्गाची आठवण करून पाहा. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती वेळ थांबायचे, चुकलेल्या मुलाला उभे ठेवायचे की बसवून त्याच्या शेजारच्याला विचारायचे, कालचा धडा आज पुन्हा घ्यायचा की पुढे जायचे, हे सारे तुम्ही पाठ्यपुस्तकात न पाहता ठरवत होता. अ‍ॅपमध्ये शिक्षक समोर नसतो, म्हणून हे सगळे निर्णय आधीच घेऊन पडद्यात गोठवून ठेवावे लागतात. रंग आणि चित्रे हा त्या कामाचा दिसणारा भाग आहे. विद्यार्थी पुढच्या एका मिनिटात काय करील, हा खरा भाग.

जुन्या कंपन्यांची उदाहरणे घेतली तर हे अधिक स्पष्ट होईल. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या हॅरिसनबर्ग गावी १९९२ मध्ये सुरू झालेल्या रोझेटा स्टोनने भाषांतर पूर्णपणे काढून टाकले : चार चित्रे दाखवायची, नव्या भाषेतले वाक्य ऐकवायचे आणि योग्य चित्रावर बोट ठेवायला लावायचे. पॉल पिम्सलर या भाषाशिक्षणतज्ज्ञाच्या नावाने चालणाऱ्या अभ्यासक्रमात तर पाहण्यासारखे काहीच नव्हते. अर्ध्या तासाचा ध्वनिमुद्रित धडा. त्यात आवाज प्रश्न विचारतो, थोडा थांबतो, आणि तुम्ही बोललात की बरोबर उत्तर सांगतो. तो जो थोडा थांबतो ना, तेच त्या अभ्यासक्रमाचे सर्वांत महत्त्वाचे डिझाइन आहे, आणि त्यात एकही रंग नाही. २००८ मध्ये माद्रिदमध्ये निघालेल्या बुसू कंपनीने (कॅमेरूनमधील अगदी मोजके भाषक उरलेल्या एका भाषेवरून हे नाव घेतले आहे) तिसरी वाट धरली : तुम्ही लिहिलेला स्पॅनिश परिच्छेद मूळ स्पॅनिश बोलणारा माणूस तपासतो आणि तुम्ही तुमच्या मातृभाषेतला कोणा दुसऱ्याचा तपासता. तिघांच्याही पुस्तकातले व्याकरण तेच. वर्ग चालवण्याची रीत मात्र तीन तऱ्हांची.

आता तुमच्याच अ‍ॅपमध्ये एक उत्तर मुद्दाम चुकवा आणि पुढे काय होते ते नीट पाहा. पडदा लाल होतो का? आवाज येतो का? बरोबर उत्तर लगेच दिसते, की आणखी एक संधी मिळते? चूक कोठे झाली, म्हणजे विभक्ती चुकली की नुसता एक काना राहिला, हे कळते का? बहुतेक ठिकाणी दोन्ही चुकांना सारखेच लाल तांबडे फासलेले दिसेल. छत्तीस वर्षे वह्या तपासलेल्या माणसाला हे पटणार नाही. एखाद्या कंपनीच्या डिझाइनप्रमुखाशी गाठ पडलीच, तर तुमच्या तपासलेल्या दोन जुन्या वह्या त्याला दाखवा, असे मी अगदी गंभीरपणे सुचवतो.

प्रश्न : मी मिरजेत एका रुग्णालयात परिचारिका आहे. जर्मनीला जायचे आहे म्हणून आठवड्यातून तीन दिवस जर्मनचा क्लास करते आणि रोज अ‍ॅपवर सराव करते. ४१२ दिवस एकदाही खंड पडलेला नाही. रात्रपाळीतही पाच मिनिटे काढली. गेल्या महिन्यात अ‍ॅप उघडले तर सगळे बदललेले! धड्यांची यादी गेली, हवा तो धडा निवडता येत नाही, एकच वाट समोर. कंपनीत नवे डिझाइनप्रमुख आल्याचे समजले. राग आला. पण खरे सांगायचे तर क्लासमध्ये बाईंनी दोन मिनिटे जर्मनमध्ये बोलायला सांगितले की माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. यात चूक कोणाची?
— एक परिचारिका, मिरज

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसरा अधिक महत्त्वाचा आहे. तरी आधी पहिल्याचे उत्तर देतो.

तुमचे अ‍ॅप कोणते ते तुम्ही लिहिले नाही, पण असाच बदल डुओलिंगोने २०२२ मध्ये केला होता. लुईस फॉन आन आणि सेव्हरिन हॅकर यांनी पिट्सबर्गमध्ये उभी केलेली ही कंपनी. तिचे अ‍ॅप २०१२ पासून सर्वांना खुले आहे आणि त्यावरचे हिरवे घुबड तर आता आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही ओळखीचे झाले आहे. आधी तेथे धडे झाडाच्या फांद्यांसारखे मांडलेले होते आणि विद्यार्थी आपल्या मर्जीने पुढेमागे जाऊ शकत असे. बदलानंतर एकच पायवाट राहिली. जुन्या वापरकर्त्यांनी त्या वेळी बरीच आरडाओरड केली. त्यामागचा विचार मात्र समजून घेण्याजोगा आहे. मोकळीक दिली की बहुतेक माणसे सोपे धडे पुन्हापुन्हा करतात किंवा भराभर पुढे पळतात, आणि उजळणी राहून जाते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून, आपण ते किती लवकर विसरतो याचे मोजमाप १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. थोड्या थोड्या अंतराने उजळणी हवी, या आजच्या आग्रहाची मुळे त्या कामात आहेत. वाट आखून दिली की ही उजळणी विद्यार्थ्याच्या नकळत मध्ये पेरता येते. म्हणून बदलाचा हेतू वाईट नव्हता, असे मी म्हणेन. ४०० दिवस रोज येणाऱ्या माणसाला आठवडाभर आधी सूचना न देणे आणि जुन्या धड्यांकडे जाण्याची एक खिडकीही न ठेवणे, ही मात्र चूक, आणि ती सरळसरळ डिझाइनप्रमुखाच्या पदरात पडते.

आता दुसरा प्रश्न. ४१२ हा आकडा तुम्ही किती वेळा अ‍ॅप उघडले ते सांगतो. तुम्हाला किती जर्मन येते ते सांगत नाही. या कंपन्यांत कोणताही बदल करताना काही वापरकर्त्यांना जुना पडदा आणि काहींना नवा पडदा दाखवून फरक मोजतात. त्याला ए-बी टेस्ट म्हणतात. उद्या किती जण परत आले, हे एका दिवसात मोजता येते. तीन महिन्यांनी कितीजण न अडखळता बोलले, हे मोजायला तीन महिने लागतात, बोलणे तपासायला माणसे लागतात आणि खर्चही येतो. साहजिकच जे लवकर मोजता येते त्याच्या बाजूने सगळे निर्णय झुकत जातात, कोणाच्या मनात काही वाईट नसतानाही. रोजची माळ तुटेल या धास्तीने तुम्ही रात्री दोन वाजता पाच मिनिटे काढता, आणि तेवढ्या वेळात सर्वांत सोपा सराव उरकून घेता. त्यात तुमचा दोष नाही. पडद्याने तुम्हाला तेच करायला शिकवले आहे. नवा डिझाइनप्रमुख चांगला की वाईट, हे मी एकाच गोष्टीवरून ठरवीन : परत येणे आणि शिकणे या दोहोंत अंतर पडले आहे का, हे तो स्वतःहून तपासायला निघतो की नाही.

तुमच्यापुरते सांगायचे तर जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळण्यासाठी साधारणपणे बी-२ पातळी लागते. ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्यांतली ती चौथी. तेथे पाळी बदलताना रुग्णाची माहिती पुढच्या परिचारिकेला तोंडी द्यावी लागते आणि ती देताना पडद्यावर चार पर्याय नसतात. तेव्हा अ‍ॅपचे काम शब्द ताजे ठेवण्यापुरते मर्यादित करा. सेबास्टियन लाइटनरने १९७२ मध्ये सांगितलेली पुठ्ठ्याच्या पेटीची युक्तीही वापरून पाहा : पेटीत पाच कप्पे, आलेला शब्द पुढच्या कप्प्यात, न आलेला परत पहिल्या कप्प्यात, आणि मागचे कप्पे कमी वेळा उघडायचे. मिठाईचा रिकामा खोकाही चालतो. रात्रपाळी संपली की एका रुग्णाची माहिती फोनवर जर्मनमध्ये दोन मिनिटे ध्वनिमुद्रित करा. नाव-गाव घालू नका. पहिले आठ दिवस ते तुमचे तुम्हालाच ऐकवणार नाही. आठवड्यातून एकदा ते मुद्रण क्लासमधल्या बाईंना ऐकवा. आणि एक दिवस ती ४१२ ची माळ मुद्दाम तोडा.

प्रश्न : आमचे कोईमतूरला गलाईचे, म्हणजे जुने सोने-चांदी गाळण्याचे, दुकान आहे. आमच्या पिढीला तमिळ कोणी शिकवली नाही. भट्टीसमोर बसून कानावर पडेल तशी आली. आता धाकटा भाऊ विट्याहून तिकडे जायचा आहे म्हणून त्याने अ‍ॅपवर तमिळ सुरू केली. दोन महिन्यांत त्याला 'मुलगी दूध पिते' आणि 'हत्ती मोठा आहे' एवढे येते. दुकानात हत्ती येत नाही. अ‍ॅप काढणाऱ्यांना हे कळत नाही का?
— गलाई व्यावसायिक, विटा, ता. खानापूर

उत्तर : कळते, पण त्यांचा नाइलाज अर्धा खरा आहे आणि अर्धा आळशीपणा. खरा भाग असा की, एकाच साच्यातून अनेक भाषांचे धडे काढले तर खर्च वाचतो, आणि साच्यात मुलगी, दूध, सफरचंद, हत्ती असलेच शब्द बसतात, कारण ते जगात सगळीकडे चालतात. आळशीपणा असा की, शिकणारा कोण आहे आणि कशासाठी शिकतो आहे, हे त्याच्यासमोर बसून पाहायला कोणी जात नाही.

तुमच्या दुकानातले एकच वाक्य घ्या. गिऱ्हाईक जुने सोने देतो आणि 'कधी मिळेल?' विचारतो, तुम्ही म्हणता, 'उद्या या.' तमिळमध्ये उद्याला 'नाळै'. आता 'या' कसे म्हणायचे? 'वा' म्हणजे आपले 'ये'. ते वडीलधाऱ्या गिऱ्हाइकाला म्हटले तर तो दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानात जाईल. पुस्तकी तमिळमध्ये आदरार्थी रूप 'वारुंगळ' आहे, पण दुकानात तसे कोणी बोलत नाही. बोलताना त्याचे 'वांग' होते. (आपल्याकडे चेहऱ्यावर उठतो तो वांग वेगळा, हे भावाला आधीच सांगा, नाहीतर पहिल्या दिवशी हसू फुटेल.) तमिळमध्ये लिहिण्याची आणि बोलण्याची भाषा यांत इतके अंतर आहे की फक्त लेखी रूप शिकलेला माणूस बाजारात वर्तमानपत्र वाचून दाखवत असल्यासारखा वाटतो. त्यामुळे तमिळच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक वाक्याला तीन गोष्टी चिकटवाव्या लागतात : हे लेखी की बोली, कोणी कोणाला म्हणायचे आणि कोठे. हे चिकटवले नाही तर भाषातज्ज्ञाने कितीही शुद्ध वाक्य दिले तरी पडद्यावर ते अनाथच राहते.

चांगला डिझाइनप्रमुख अशा वेळी आपल्या माणसांना आठवडाभर तुमच्या दुकानात बसवील. खानापूर आणि आटपाडी भागातली गलाईची माणसे पिढ्यान्‌पिढ्या देशभरच्या बाजारपेठांत दुकाने थाटून बसली आहेत आणि परकी भाषा कानाने उचलण्याचा एवढा अनुभव शहरातल्या कोणत्याही कचेरीत मिळणार नाही. पहिल्या महिन्यात तुम्हाला कोणती वीस वाक्ये लागली, कोणत्या चुकीमुळे गिऱ्हाईक रागावले, कोणती चूक त्याने हसून सोडून दिली, ही माहिती सोन्याइतकीच मोलाची आहे. भावाने अ‍ॅप सोडू नये. लिपी आणि आकडे त्यावर बरे येतात. परंतु दर रविवारी त्याला फोनवर 'एव्वळवु', म्हणजे 'किती', विचारणारे गिऱ्हाईक तुम्ही व्हा. अर्धा तास पुरे.

प्रश्न : आमच्या घरची भाषा कन्नड, पण मुलगा मराठी अ‍ॅपवरून शिकतो. त्यातला आवाज 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' सारखाच उच्चारतो, आणि बटणांवरच्या मात्रा वरून कापलेल्या दिसतात. कंपनीला लिहिले तर 'लक्षात घेतले आहे' असे उत्तर आले.
— एक पालक, जत

उत्तर : तुमचा कान तयार आहे. मराठीत 'च', 'ज' आणि 'झ' यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिपीत ते एकाच अक्षराने दाखवतात. घरात मराठी असलेल्या मुलाला हे सांगावे लागत नाही, कन्नड घरातल्या मुलाला सांगावेच लागते. 'जहाज' या एका शब्दात तर दोन्ही 'ज' येतात. उपाय सोपा आहे : शब्दाखाली लहानशी खूण आणि माणसाच्या आवाजातला उच्चार.

मात्रा कापल्या जातात, कारण बटणाची उंची रोमन अक्षरांवरून ठरवलेली असते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर रफार आणि वेलांटी, खाली उकार आणि जोडाक्षरे. 'कर्तृत्व' किंवा 'राष्ट्र' त्या उंचीत बसवून पाहा म्हणजे कळेल. चांगल्या अक्षरांची वाण आता नाही. संगणकावरचा 'मंगल' हा टंक र. कृ. जोशी यांनी घडवला, त्याला बराच काळ लोटला. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' तर कोणालाही विनामूल्य वापरता येतो. तरी मराठी अ‍ॅपमध्ये पाकळीच्या 'ल'ऐवजी आणि देठाच्या 'श'ऐवजी हिंदी वळणाची अक्षरे दिसतात, आणि 'दऱ्या'चे 'दर्या' झालेले तर मी स्वतः तीनदा पाहिले आहे. कंपनीला पुन्हा लिहा, या वेळी पडद्याचे छायाचित्र जोडून. 'लक्षात घेतले आहे' याचा अर्थ कोणाच्याही यादीत घेतलेले नाही.

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची. बारा वर्षे वेगवेगळ्या कंपन्यांत डिझाइनर म्हणून काम केले. पुढच्या महिन्यात ऑनलाइन भाषा शिकवणाऱ्या एका कंपनीत डिझाइनप्रमुख म्हणून रुजू होत आहे. हाताखाली अकरा जण, त्यातले चौघे माझ्याहून अनुभवी. कंपनी बेंगळुरूची, मला मात्र महिन्यातले तीन आठवडे गोडोलीतल्या घरून काम करायची मुभा दिली आहे. पहिल्या तीन महिन्यांत काहीतरी 'दिसेल' असे करा, असे मालकांनी सुचवले आहे. काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : अभिनंदन, ताई. 'दिसेल असे' या दोन शब्दांपासून सांभाळून राहा. नव्या डिझाइनप्रमुखाकडून सगळ्यांत आधी चिन्ह, रंग आणि पहिला पडदा बदलून घेण्याची हौस प्रत्येक कंपनीला असते, कारण ते भिंतीवर लावता येते. मिरजेच्या परिचारिकेचे पत्र वर वाचलेच असेल. तो बदलही कोणाच्या तरी पहिल्या तिमाहीतला असावा, असा मला दाट संशय आहे.

पहिल्या दिवसापासून तुमच्याच कंपनीच्या अ‍ॅपवर, तुम्हाला अजिबात न येणारी एखादी भाषा शून्यापासून सुरू करा. इंग्रजी किंवा हिंदी नको. बेंगळुरूला जाणे-येणे असणार, तेव्हा कन्नड घ्या, म्हणजे रिक्षावाल्याशी बोलताना परीक्षा आपोआप होईल. रोज कंटाळा कोठे आला, फसवणूक कोठे वाटली, उगाच शाबासकी कोठे मिळाली, हे साध्या वहीत लिहा आणि ती वही सहा आठवडे कोणालाही दाखवू नका. तोवर त्या अकरा जणांचे ऐका. त्या चौघा अनुभवी लोकांपैकी एकाला तरी ही जागा स्वतःला मिळेल असे वाटले असणार. त्याच्याशी पहिल्याच आठवड्यात एकांतात, सरळ बोला. हा विषय टाळला तर तो पुढे प्रत्येक बैठकीत येऊन बसतो.

धडे लिहिणारे लोक आणि तक्रारींना उत्तरे देणारे लोक बहुधा तुमच्या विभागात नसतील. त्यांच्याबरोबर अकरा जणांइतकाच वेळ घालवा. मी एका कंपनीत तक्रारींची पत्रे वाचायला बसलो होतो. तिसऱ्या दिवशी एका आजोबांचे पत्र निघाले की, पातळी ठरवणारी सुरुवातीची परीक्षा त्यांनी मुद्दाम नापास केली, कारण 'पहिलीपासून नीट शिकावे' असे त्यांना वाटत होते आणि तसे सांगण्याची सोयच त्या पडद्यावर नव्हती. आम्ही त्या परीक्षेवर आठ महिने खर्च केले होते. 'मला पहिल्यापासून शिकायचे आहे' असे एक बटण लावायला एक दुपार लागली.

तीन महिन्यांत तीनच पडदे हाती घ्या : उत्तर चुकल्यावर दिसणारा, सुरुवातीची पातळी ठरवणारा आणि वर्गणी बंद करण्याचा. पहिल्या दोहोंविषयी वर लिहिलेच आहे. तिसऱ्याकडे डिझाइनर सहसा फिरकत नाहीत, आणि तेथेच सर्वांत जास्त पाप साठलेले असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीचे १३ प्रकार सांगितले आहेत. वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे अवघड ठेवणे हा त्यातला एक, आणि नकार देणाऱ्याला लाजवणे हा दुसरा. 'नको, मला प्रगती करायची नाही' असे लिहिलेले बटण तुमच्या अ‍ॅपमध्ये असेल, तर ते पहिल्याच महिन्यात काढा. महसूल पाहणारे लोक कुरकुर करतील. तेव्हा ती तत्त्वे छापून टेबलावर ठेवायला उपयोगी पडतात.

यंत्राकडून धडे लिहून घेण्याचा प्रश्नही तुमच्यापर्यंत येईल. एप्रिल २०२५ मध्ये डुओलिंगोच्या प्रमुखांनी कृत्रिम बुद्धिमत्तेला अग्रक्रम देण्याचे आणि यंत्राला जमेल त्या कामासाठी कंत्राटी माणसे हळूहळू कमी करण्याचे जाहीर केले. त्याच सुमारास कंपनीने १४८ नवे अभ्यासक्रम एकदम आणले, आणि वापरणाऱ्यांकडून टीकाही भरपूर झाली. यंत्राला विरोध करा असे मी म्हणत नाही. मसुदा कोणीही करो, 'वा' आणि 'वांग' यांतला फरक पकडणारे माणूस कोणत्या टप्प्यावर बसणार आणि त्याला 'थांबा' म्हणण्याचा अधिकार असणार का, हे आराखड्यात लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर राहू नका.

मालकांना दाखवण्यासाठी काहीतरी हवेच, तर पन्नास नव्या विद्यार्थ्यांचे पहिल्या दिवशीचे आणि नव्वदाव्या दिवशीचे दोन-दोन मिनिटांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवा. अर्थात त्यांची परवानगी घेऊन. साताऱ्यात असे विद्यार्थी शोधायला लांब जावे लागणार नाही. 'कमवा आणि शिका'ची परंपरा असलेल्या गावात नोकरी सांभाळून इंग्रजी किंवा जर्मन शिकणारी मुले पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत कोठेही भेटतील. नव्वद दिवसांनी ते दोन्ही तुकडे बैठकीत एकापाठोपाठ ऐकवा. फरक पडला असेल तर तुम्हाला वेगळे भाषण करावे लागणार नाही. पडला नसेल तर पुढच्या तिमाहीचे काम तुमच्या हाती आयतेच येईल.

घरून काम करण्याविषयी एवढेच सांगतो : जो एक आठवडा बेंगळुरूला जाल, त्यातच सगळ्यांच्या कामाची एकत्र तपासणी ठेवा. अनुभवी माणसाचे काम कॅमेऱ्यासमोर परत पाठवले तर त्याला अपमान वाटतो. समोरासमोर बसून, कागदावर रेघ मारून सांगितले तर तोच माणूस पेन्सिल हातात घेतो. जाताना कंदी पेढे न्या, पण पहिल्या तपासणीच्या आधी वाटा. नंतर वाटलेत तर त्याचा अर्थ वेगळा लावला जाईल.